मार्चअखेरचं डांबर

पहाटे साडेपाच. हळ्ळीखेड (बी)च्या फाट्यावर चहा मिळायच्या आत हॉटमिक्स प्लांटला फोन. ठेकेदाराचा सुपरवायझर म्हटलं की दिवस इथूनच सुरू होतो. "साडेसातला पहिला टिपर सोडतो," असं ऐकायचं आणि नऊ धरून चालायचं.

सात. बिदर-हुमनाबाद हायवे, म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ५०, केंद्राचा. आमचा आहे तो त्याला फुटून शेतातून जाणारा गावरस्ता. पैसा कल्याण कर्नाटक प्रदेश विकास मंडळाचा. २०१२च्या घटनादुरुस्तीनं कलम ३७१ (जे) आलं, त्यातून हे मंडळ उभं राहिलं, कचेरी कलबुर्गीला. मराठवाड्याचं वैधानिक विकास मंडळ ठाऊक असलेल्यांना यात नवल वाटणार नाही. २०२३-२४च्या राज्य अर्थसंकल्पात मंडळासाठी ५,००० कोटींची घोषणा झाली होती. वाटणीला आधार नंजुंडप्पा समितीच्या २००२च्या अहवालाचा: तालुका जितका मागास, तितका वाटा मोठा.

नऊ. टिपर आला. मालात थर्मामीटर खुपसला, १४८ अंश. १४०च्या खाली असता तर परत पाठवला असता. खडी झाडून इमल्शन मघाशीच मारलंय. त्याचा तपकिरी रंग जाऊन काळा झाला, की पेव्हर पुढे घ्यायचा. त्याच्या मागोमाग रोलर. माल ९०च्या खाली उतरला की रोलर नुसता फिरतो, दबत काही नाही. त्यामुळे या तासाभरात फोन आला तरी मी उचलत नाही.

अकरा. उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर थेट ताज्या डांबरासमोर.
"मामा, अर्धा तास थांबा की."
"थांबतो. ऊस वाळला तर वजन तुम्ही भरून देणार का?"
बाजूच्या शेतातून वाट काढून दिली.

दोन. ज्युनिअर इंजिनिअर साहेब आले. थराची जाडी मोजली, मेजरमेंट बुकात नोंद केली. ३१ मार्चच्या आत बिल लागायला हवं, म्हणून या महिन्यात सगळीकडेच रोलर फिरताना दिसतात.

चार. एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं बुजलेल्या मोरीकडे काठी केली. "डांबर घाला नाहीतर सोनं घाला, पाणी हितनंच जाणार." म्हातारा बरोबर बोलला. खाली काळी माती. पावसात फुगते, उन्हात भेगाळते. पाणी साचलं की आधी कडा सुटतात, त्या सुटलेल्या कडेवरून ट्रॉली गेली की मग मधला भाग बसतो. पण एस्टिमेटमध्ये मोरी नाही, साइडगटारही नाही. गावाची मागणीच किलोमीटरची होती, मंजुरीही किलोमीटरचीच आली.

सात. रोलर कडेला लावला, डिझेलचा हिशेब लिहिला.

गावकऱ्यांना एवढंच सांगणं: रस्त्याचा अर्ज देताना मोऱ्या आणि साइडगटार त्यातच लिहा. लांबी अर्धा किलोमीटर कमी मिळाली तरी चालेल. टेंडर निघाल्यावर ते वाढवून घेणं सुपरवायझरच्या हातात नसतं.