पहिला क्रमांक आणि पाच नाणी



गेल्या वर्षी विज्ञान प्रदर्शनाचा परीक्षक म्हणून मी एका तालुक्याच्या गावी गेलो होतो. दुपारी चहाच्या वेळी डोंगराकडच्या एका वस्तीवरील शाळेच्या शिक्षिका हातात एक कागद घेऊन आल्या. तालुक्यातील जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांची ती यादी होती. चौथीच्या किती टक्के मुलांना भागाकार येतो, यावरून शाळांना क्रमांक दिलेले होते. आदल्या वर्षी बाईंची शाळा पहिल्या पाचांत होती आणि त्यांचा सत्कारही झाला होता. यंदा ती यादीच्या तळाशी गेली होती. "सर, शिकवण्यात मी काहीच बदल केलेला नाही. मग माझे चुकले काय?" त्यांनी विचारले.

हा प्रश्न वरवर पाहता शिक्षणशास्त्राचा वाटतो. परंतु त्याच्या उत्तराचा मोठा भाग मोजमापाच्या शास्त्रात आहे.

प्रथम आकडे पाहू. बाईंच्या चौथीत दोन्ही वर्षी पाचच मुले होती. आदल्या वर्षी चौघांना भागाकार आला, म्हणजे ८० टक्के. यंदा दोघांना आला, म्हणजे ४० टक्के. बाजाराच्या गावच्या मोठ्या शाळेत चौथीत ५० मुले होती. तेथे आदल्या वर्षी ३१ आणि यंदा ३० मुलांना भागाकार आला, म्हणजे ६२ आणि ६० टक्के. पाच मुलांच्या वर्गात एक मूल म्हणजे २० टक्के, तर पन्नास मुलांच्या वर्गात एक मूल म्हणजे अवघे २ टक्के! एखादे मूल परीक्षेच्या दिवशी तापाने फणफणले, तरी लहान शाळेचा आकडा धाडकन खाली येतो. मोठ्या शाळेत त्याचा पत्ताही लागत नाही.

आता एक प्रयोग करा. पाच नाणी घ्या, ती एकदम उडवा आणि किती छापे पडले ते लिहा. असे ३२ वेळा करा. नाण्याला कोणी शिकवलेले नाही. छाप्याची शक्यता नेहमी निम्मीच आहे. तरीही गणित असे सांगते की, ३२ पैकी सरासरी १२ वेळा चार किंवा अधिक, नाहीतर एक किंवा त्याहून कमी छापे पडतील. म्हणजे निकाल ८० टक्के वा त्याहून अधिक, किंवा २० टक्के वा त्याहून कमी! हाच प्रयोग ५० नाण्यांनी केला, तर इतका टोकाचा निकाल लाखात दोन-तीन वेळाच मिळेल.

याचा नियम सोपा आहे. नाण्यांची संख्या 'न' असेल, तर छाप्यांच्या टक्केवारीचे प्रमाण विचलन ५० भागिले 'न'चे वर्गमूळ इतके असते. चार नाण्यांना ते २५ टक्के, पंचवीस नाण्यांना १० टक्के आणि शंभर नाण्यांना ५ टक्के येते. विचलन निम्मे करायचे, तर संख्या चौपट करावी लागते. स्क्रू गेजने तारेचा व्यास मोजताना तुम्ही एका वाचनावर थांबत नाही, अनेक वाचनांची सरासरी काढता. कारण हेच.

मग यादीचे काय होते? पाच मुलांच्या वर्गाचे विचलन सुमारे २२ टक्के असते. ज्या शाळेची खरी पातळी ६० टक्के आहे, तिचा आकडा एका वर्षी ८० आणि दुसऱ्या वर्षी ४० येणे मुळीच नवलाचे नाही. म्हणून अशा यादीच्या डोक्यावरही लहान शाळा दिसतात आणि तळालाही लहान शाळाच दिसतात. मोठ्या शाळा मधे राहतात.

हे केवळ कागदावरचे गणित नव्हे. अमेरिकेतील उत्तर कॅरोलायना राज्यात उत्तम ठरलेल्या शाळांचा गौरव केला जात असे. टॉमस केन आणि डग्लस स्टेगर या अर्थशास्त्रज्ञांनी तेथील प्राथमिक शाळांचे निकाल तपासले आणि २००२ साली आपला अभ्यास प्रसिद्ध केला. गौरवाच्या यादीत लहान शाळा त्यांच्या वाट्यापेक्षा पुष्कळ अधिक होत्या. परंतु टोकाचे वाईट आकडेही लहान शाळांचेच होते. नुसती वरची यादी पाहणाऱ्याला मात्र वाटेल की, लहान शाळाच उत्तम!

मग शाळांची तुलना करूच नये काय? तसे नाही. सगळाच फरक योगायोगाचा नसतो. पण तुलना करताना तीन गोष्टी पाळाव्यात. पहिली, अनेक वर्षांचे आकडे एकत्र करावेत. पाच मुलांच्या वर्गाची पाच वर्षे मिळून २५ मुले होतात आणि विचलन २२ वरून १० वर येते. दुसरी, मूल जूनमध्ये कोठे होते आणि मार्चमध्ये कोठे पोहोचले ते पाहावे. नुसता शेवटचा आकडा पाहू नये. तिसरी, सारख्याची तुलना सारख्याशी करावी. बीडसारख्या जिल्ह्यातून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांबरोबर मुलेही जातात, तेव्हा वर्ग निम्मा रिकामा होतो. दोन शिक्षक चार वर्ग सांभाळतात, त्या शाळेची गोष्टही वेगळी.

बाईंनी पाच वर्षांच्या नोंदी आठवून मांडल्या. एकूण २७ मुलांपैकी १७ जणांना भागाकार आला होता, म्हणजे सुमारे ६३ टक्के. मोठ्या शाळेहून ती शाळा मागे आहे असे म्हणण्याला आधार नव्हता. पुढे आहे असे म्हणण्यालाही नव्हता.

बाई हसल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे सर, गेल्या वर्षीचा सत्कारही नाण्यांचाच म्हणायचा!"

मी म्हणालो, "बराचसा. पण त्या दहा मुलांना भागाकार का आला नाही, हा प्रश्न मात्र नाण्यांचा नाही." त्यांनी कागदाच्या पाठीवर त्या मुलांची नावे लिहायला सुरुवात केली.

आता तुमच्या शाळेच्या मागील पाच वर्षांच्या निकालांचे आकडे गुरुजींकडून मिळवा. त्यांतील चढउतार नाण्यांच्या चढउतारापेक्षा मोठे आहेत का, ते स्वतः पडताळून पाहा.