त्सुनामीची वाटचाल आणि समुद्राची खोली

दिनांक २८ नोव्हेंबर १९४५ रोजी पहाटे साडेतीनच्या सुमारास, आज पाकिस्तानात असलेल्या मकरान किनाऱ्यालगत समुद्रतळाशी मोठा भूकंप झाला. त्यामुळे उठलेली त्सुनामी लाट सकाळी आठनंतर मुंबईस येऊन थडकली. तिची उंची सुमारे दोन मीटर होती. वर्सोव्यासारख्या ठिकाणी माणसे वाहून गेली. मध्यंतरी जवळजवळ पाच तासांचा अवधी होता. परंतु सूचना देणारी यंत्रणा त्या काळी नव्हती. लाटेची वेळ आधी गणिताने काढता येणे किती मोलाचे आहे, हे यावरून ध्यानी येईल.

वाऱ्याने उठणारी लाट पाण्याच्या वरच्या थरापुरती असते. त्सुनामीत मात्र पृष्ठभागापासून तळापर्यंतचे सर्व पाणी हलते. म्हणून तिचा वेग खोलीवर अवलंबून राहतो. मीटरांतील खोलीस ९.८ ने गुणून वर्गमूळ काढले असता दर सेकंदाचा वेग मीटरांत मिळतो. ३००० मीटर खोलीवर हा वेग ताशी सुमारे ६०० किलोमीटर येतो, तर ७० मीटर खोलीवर ताशी ९५ किलोमीटरही भरत नाही.

मकरान ते मुंबई हे अंतर सुमारे ११५० किलोमीटर आहे. सर्वत्र खोल समुद्र असता तर लाट दोन तासांत पोहोचली असती. परंतु मुंबईसमोर सुमारे ३०० किलोमीटर रुंदीचा उथळ भूखंडमंच पसरलेला आहे. खोल भाग ओलांडण्यास दीड तास आणि मंचावर तीन तासांहून अधिक, असा हिशेब जुळतो. उथळ भागी लाटेचे अग्र मंदावते, मागील पाणी त्यावर चढते आणि लाट उंच होते. म्हणूनच भर समुद्रात जहाजास न जाणवणारी लाट किनाऱ्यावर घातक ठरते.

शास्त्रज्ञ समुद्राच्या नकाशाचे लहान चौकोन पाडतात, प्रत्येकाची खोली नोंदवितात आणि पाणी क्षणोक्षणी कसे सरकेल हे संगणकाने काढतात. यास गणिती प्रतिमान म्हणतात. हैदराबादच्या भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्रात २००७ पासून त्सुनामीची पूर्वसूचना देण्याचे कार्य चालते. तेथे संभाव्य भूकंपांची अशी गणिते आधीच करून ठेवलेली असतात.

सोलापूर समुद्रापासून दूर असले तरी हा नियम वर्गात दाखविता येतो. अडीच मीटर लांबीची, दोन्ही टोके बंद केलेली पत्र्याची पन्हळ सपाट ठेवावी. तीत एक सेंटिमीटर पाणी घालून एका टोकाशी फळीने हलकेच ढकलावे. लाट दुसऱ्या टोकास सुमारे आठ सेकंदांत पोहोचेल. पाणी चार सेंटिमीटर केल्यास सुमारे चार सेकंद लागतील. खोली चौपट, वेग दुप्पट! सिद्धेश्वर तलावात खडा टाकून उठणाऱ्या बारीक तरंगांना मात्र हा नियम लागू पडत नाही. ते तळापर्यंत पोहोचतच नाहीत.

कोकणात सहलीस जाणाऱ्या विद्यार्थ्यांस शिक्षकांनी एवढे अवश्य सांगावे: किनाऱ्यावर जोराचा भूकंप जाणवला अथवा समुद्र एकाएकी मागे हटला, तर पाहत न थांबता तत्काळ उंच जागी जावे. पहिली लाट ओसरली म्हणून लगेच परतू नये. पुढील लाट अधिक मोठी असू शकते.