यंत्रमानव-साहाय्यित काचबिंदू शस्त्रक्रिया

काचबिंदूवरील शस्त्रक्रियेत डोळ्यातील सूक्ष्म उपकरण प्रत्यक्ष हाताऐवजी यांत्रिक बाहूने हलविण्याची पद्धती. ‘यंत्रमानव’ या संज्ञेमुळे वाटते तसे हे यंत्र स्वतंत्रपणे शस्त्रक्रिया करीत नाही. निर्णय व नियंत्रण शल्यविशारदाकडेच असते.

काचबिंदूत दृक्‌तंत्रिकेचा ऱ्हास होत जातो. गेलेली दृष्टी परत मिळत नाही. उरलेली टिकविण्यासाठी डोळ्यातील दाब कमी करणे हाच उपचारांचा मुख्य आधार आहे. हा दाब सामान्यतः पाऱ्याच्या १० ते २१ मिमी. इतका असतो. डोळ्याच्या पुढील भागातील नेत्रजल स्वच्छमंडल व परितारिका यांच्यामधील कोनातील जाळीदार ऊतकातून श्लेम नलिकेत उतरते. या वाटेत अडथळा आल्यास दाब वाढतो.

जे. ई. केर्न्स यांनी १९६८ मध्ये वर्णिलेल्या शस्त्रक्रियेत श्वेतपटलात झडपेसारखे छिद्र करून नेत्रजलास नवी वाट देतात. अलीकडे जाळीदार ऊतकात सु. १ मिमी. लांबीची नळीही बसवितात. श्लेम नलिकेची रुंदी सु. पाव ते एक-तृतीयांश मिमी. असते, तर निष्णात हाताचा स्वाभाविक कंपही सु. एक-दशांश मिमी. असू शकतो. त्यामुळे थोडी चूकही रक्तस्राव किंवा परितारिकेस इजा करू शकते.

शल्यविशारद नियंत्रक-दांडा हलवितो; संगणक ती हालचाल लहान करून व कंप गाळून बाहूकडे पाठवितो. उपकरण प्रवेशछिद्राभोवतीच फिरत असल्याने जखम ताणली जात नाही. दांडा सोडल्यास ते आहे तेथेच स्थिर राहते.

मानवी डोळ्याच्या आत अशी पहिली शस्त्रक्रिया रॉबर्ट मॅक्‌लॅरेन यांनी २०१६ मध्ये ऑक्सफर्डच्या जॉन रॅडक्लिफ रुग्णालयात केली. ती मात्र काचबिंदूवरील नसून दृक्‌पटलावरील पातळ पापुद्रा काढण्याची होती. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १२ रुग्णांपैकी ६ जणांवर यंत्राने व ६ जणांवर हाताने हे काम केले गेले. यंत्रास अधिक वेळ लागला. काचबिंदूसाठीची नळी बसविण्याचे प्रयोग प्रयोगशाळेत कृत्रिम नेत्रांवर झाले आहेत.

यंत्र अचूकता वाढविते. परंतु केर्न्स पद्धतीचे दीर्घकालीन यश जखम कशी भरते यावरही अवलंबून असते. नव्या वाटेवर व्रण-ऊतक साचल्यास ती बुजते व दाब पुन्हा वाढतो. हा दोष स्थिर हाताने टळत नाही. त्यामुळे शस्त्रक्रियेनंतरही दाबाची नियमित तपासणी अपरिहार्य ठरते.