वसईचा किल्ला : फौजा गेल्यानंतरची दोनशे वर्षे

उल्हास नदी वसईच्या खाडीतून समुद्राला मिळते, त्या मुखाच्या उत्तर काठावर सुमारे ११० एकरांचा एक किल्ला आहे. त्याच्या तटाचा घेर साडेचार किलोमीटरच्या आसपास भरतो. गुजरातचा सुलतान, पोर्तुगीज, मराठे आणि इंग्रज अशा चार सत्तांच्या फौजा तिथे नांदून गेल्या. आज त्याच तटातून डांबरी रस्ता जातो, त्यावरून किल्लाबंदरची माणसे कामाला आणि मुले शाळेला जातात. उन्हाळ्यात मोकळ्या जागांवर मासळी सुकते आणि देवळात रोजची पूजा होते. वसईच्या किल्ल्यावरचे बहुतेक लेखन मराठ्यांच्या १७३९च्या मोहिमेपाशी थांबते. ती मोहीम मोठी होती यात वाद नाही. पण शेवटचा सैनिक निघून गेल्यावर या अवाढव्य लष्करी तळाचे काय झाले, तीही तितकीच नवलाची कथा आहे.

तळ कसा उभा राहिला

सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला वसई गुजरातच्या सुलतानाच्या ताब्यात होती. खाडीच्या तोंडावर पहारा हवा म्हणून सुलतान बहादूरशाहाचा सरदार मलिक तुघान याने इथे तटबंदी केली. पोर्तुगीज गव्हर्नर नुनो द कुन्हा याने १५३३मध्ये ती घेतली. पुढच्याच वर्षी, २३ डिसेंबर १५३४ रोजी, झालेल्या तहाने बहादूरशाहाने वसई, तिच्या ताब्यातला मुलूख आणि मुंबईची बेटे पोर्तुगीजांना दिली. हा तह ‘सां मातेउश’ नावाच्या जहाजावर झाला. मुंबई तेव्हा वसईचे उपांग होती, हे आजच्या मुंबईकराला सांगूनही पटत नाही.

१५३६मध्ये पहिल्या पोर्तुगीज कोटाचे काम उभे राहिले. गार्सिया द सा हा त्याचा पहिला कप्तान. हाच कोट पुढे बालेकिल्ला ठरला आणि त्याच्याभोवती टप्प्याटप्प्याने मोठा तट चढत गेला. दक्षिणेला खाडी, पश्चिमेला समुद्र आणि पूर्वेला दलदल. शत्रूने यायचे तर उत्तरेच्या रेताड पट्टीतूनच. त्यामुळे जमिनीच्या बाजूचे बुरूज जाडजूड, पुढे निमुळते होत गेलेले आणि एकमेकांच्या पायथ्याशी तोफेचा मारा करता येईल अशा कोनांत बांधले गेले. तोफा आल्यानंतर युरोपात जी दुर्गरचना रूढ झाली, तिचा हा कोकणातला ठळक नमुना आहे. सेंट सेबास्टियन, रेमेडी माता, सेंट गोन्सालो, माद्रे द देउश अशी संतांची नि देवमातेची नावे बुरुजांना दिली होती. ये-जा करायला मुख्य दरवाजे दोनच : एक जमिनीकडचा, एक बंदराकडचा. अठराव्या शतकातल्या एका नोंदीत इथल्या ९० तोफांचा उल्लेख आहे.

मात्र हा निव्वळ फौजेचा कोट कधीच नव्हता. दमणपासून चौलपर्यंतच्या ‘उत्तर प्रांता’चे हे मुख्य ठाणे होते. आत कप्तानाचा वाडा, नगरसभा, इस्पितळ, तुरुंग, बाजार आणि धान्याची कोठारे होती. फ्रान्सिस्कन, जेझुइट, डॉमिनिकन आणि ऑगस्टिनियन या संघांचे मठ नि चर्चे एकाच तटात होती. सेंट जोसेफचे मुख्य चर्च त्याहून वेगळे. वसईचा घडवायला योग्य असा काळा दगड जहाजाने गोव्याला जाई. जुन्या गोव्यातल्या बॉम जेजू बॅसिलिकेच्या दर्शनी भागाला हाच दगड आहे. वसईत जन्मलेला आणि जेझुइटांच्या हाताखाली वाढलेला गोन्सालो गार्सिया पुढे जपानला गेला. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत त्याला क्रुसावर मृत्यू आला आणि १८६२मध्ये तो संत म्हणून जाहीर झाला.

१७३९ आणि नंतर

१७३७मध्ये मराठ्यांनी ठाणे घेतले, तिथून वसईच्या मोहिमेला तोंड फुटले. १७३९च्या फेब्रुवारीपासून चिमाजी अप्पांच्या फौजेने किल्ल्याला वेढा घातला. मल्हारराव होळकर आणि राणोजी शिंदे यांच्यासारखे सरदार सोबत होते. इथला तट तोफांनी सहज ढासळणारा नव्हता, म्हणून मोर्चे पुढे सरकवत बुरुजांखाली सुरुंग खणले गेले. काही सुरुंग वेळेवर उडाले, काही उशिरा उडून आपल्याच माणसांवर उलटले. अखेर सेंट सेबास्टियन बुरुजाला खिंडार पडले. किल्ल्याचा सेनापती वेढ्यातच मारला गेला होता. त्याच्या जागी आलेल्या कायतानु द सोझा परेराने १६ मे १७३९ रोजी शरणागतीच्या कलमांवर सही केली. पोर्तुगीजांना शस्त्रे आणि चीजवस्तू घेऊन सन्मानाने निघून जाण्याची मुभा मिळाली, मागे राहणाऱ्या ख्रिश्चनांना धर्म पाळण्याची मोकळीक मिळाली. २३ मे रोजी किल्ला रिकामा झाला.

मराठ्यांनी गावाला बाजीपूर असे नाव दिले, पण लोकांच्या तोंडी वसईच राहिले. किल्ल्याचा लष्करी उपयोग संपला नव्हता, त्यामुळे शिबंदी राहिली, सुभ्याचा कारभार इथून चालला. आतले नागेश्वराचे देऊळ आजही नांदते आहे. चिमाजी अप्पांच्या नवसाशी जोडलेले वज्रेश्वरीचे देऊळ वसईपासून काही कोसांवर तानसा नदीकाठी उभे राहिले.

या काळातला सर्वांत लांब प्रवास केला तो घंटांनी. चर्चच्या मनोऱ्यांतल्या मोठ्या घंटा उतरवून देवळांना दिल्या गेल्या. वाईजवळ मेणवलीला नाना फडणिसांच्या वाड्यामागच्या घाटावर १७०७ची घंटा आहे. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी कोरलेली दिसते. नाशिकला गोदाकाठच्या नारोशंकराच्या देवळावर १७२१ची घंटा आहे. भीमाशंकरलाही अशीच एक घंटा आहे. माणसांना जागे करणे हे त्यांचे काम होते, ते त्यांनी दुसऱ्या देवाच्या दारातही चालू ठेवले.

तह झाला, फौज गेली

१७८०च्या नोव्हेंबरात जनरल गॉडार्डच्या इंग्रज फौजेने वसईला वेढा घातला आणि डिसेंबरात किल्ला घेतला. १७८२च्या सालबाईच्या तहाने तो मराठ्यांना परत मिळाला. त्यानंतर वीस वर्षांनी, पुण्याजवळ यशवंतराव होळकरांकडून पराभूत होऊन पळालेला दुसरा बाजीराव इथे आश्रयाला आला. ३१ डिसेंबर १८०२ रोजी त्याने इंग्रजांशी जो तह केला, तोच प्रसिद्ध वसईचा तह. त्यानुसार किमान सहा हजारांची इंग्रजी पलटण पेशव्याने पोसायची आणि तिच्या खर्चासाठी २६ लाखांचा मुलूख तोडून द्यायचा असे ठरले. जो तट घेण्यासाठी चिमाजींची माणसे सुरुंगांत गाडली गेली, त्याच्याच आश्रयाने पेशवाईने स्वतःची फौज दुसऱ्याच्या हाती सोपवली.

१८१८मध्ये पेशवाई संपली आणि किल्ल्याचे लष्करी कारणही संपले. लढायला कोणी शत्रू उरला नाही. इंग्रजांकडे मुंबईचे खोल बंदर होते. वसईच्या उथळ होत चाललेल्या खाडीत मोठी गलबते आणण्याची त्यांना गरज नव्हती. १८२५मध्ये बिशप हेबर इथे आला. दरवाजाशी एक लहानशी चौकी, एक नीटस देऊळ आणि बाकी सारे ओसाड अवशेष एवढेच त्याला दिसले. एका शतकात भरलेल्या शहराचे रान झाले होते.

पुढे सरकारने ही जमीन भाड्याने दिली. तटाच्या आत ऊस लावून साखर काढण्याचा उद्योग झाला. प्रयोग टिकला नाही, पण लष्करी जागेचा हा इथला पहिला उघड नागरी वापर. त्यानंतर १८६४मध्ये वसईच्या खाडीवर रेल्वेचा पूल झाला आणि गाड्या मुंबईपर्यंत जाऊ लागल्या. गावाचे तोंडच फिरले : आजवर ते समुद्राकडे होते, आता रुळांकडे झाले. बाजार, वखारी आणि वस्ती काही किलोमीटर आत, वसई रोड स्थानकाकडे सरकली. किल्ला आडबाजूला पडला, आणि त्यामुळेच बचावला. जागेला भाव असता तर दगड कधीच विकले गेले असते.

शेजारच्या किल्ल्यांचे काय झाले

एकाच प्रांतातल्या किल्ल्यांना किती निरनिराळे नशीब मिळाले ते पाहिले म्हणजे वसईचे वेगळेपण कळते. मुंबईचा तट १८६०च्या दशकात, गव्हर्नर बार्टल फ्रियरच्या कारकिर्दीत पाडला गेला. ‘फोर्ट’ हे नाव तेवढे उरले. ठाण्याच्या किल्ल्याचा तुरुंग झाला आणि तो आजही मध्यवर्ती कारागृह आहे. १९६१पर्यंत पोर्तुगीजांकडे राहिलेल्या मोटी दमणच्या कोटात सरकारी कचेऱ्या बसल्या. रेवदंड्याच्या तटात नारळी-पोफळीच्या वाड्या आणि घरे आहेत. थोडक्यात, एकाला पाडले, एकाला बंद केले, एकाला कचेरी केले आणि एकाला वाडी.

वसईला यातले काहीच पूर्णपणे झाले नाही. सरकारने तिला काम दिले नाही, म्हणून लोकांनी दिले. किल्लाबंदर आणि पाचूबंदर या कोळीवस्त्यांचा रस्ता किल्ल्यातून जात असल्याने वहिवाट कधी तुटली नाही. मासळी वाळवायला मोकळी जागा लागते, ती इथे मिळाली. बंदराच्या दरवाजाशी होड्या लागत राहिल्या. १८७६मध्ये जोसेफ गर्सन दा कुन्हा यांनी चौल आणि वसईच्या इतिहासावर इंग्रजीत ग्रंथ लिहिला आणि अवशेषांची नि शिलालेखांची पद्धतशीर नोंद झाली. पुढे किल्ला केंद्रीय पुरातत्त्व खात्याचे संरक्षित स्मारक झाला.

आजचा वापर

आज किल्ल्यात चिमाजी अप्पांचे स्मारक आहे आणि शाळांच्या सहली येतात. दुर्गप्रेमी तरुण सुटीच्या दिवशी गवत नि कचरा काढतात. चित्रपटांची चित्रीकरणे होतात. ‘कोल्डप्ले’ या ब्रिटिश वाद्यवृंदाच्या २०१६च्या एका गाण्याच्या चित्रफितीतही हे भग्न तट दिसतात. लग्नाआधीचे फोटो काढायला जोडपी येतात ती वेगळीच.

सर्वांत महत्त्वाचा नवा वापर पाण्यावरचा आहे. २० फेब्रुवारी २०२४ रोजी वसई ते भाईंदर अशी रो-रो सेवा सुरू झाली. वाहनांसकट खाडी ओलांडायला काही मिनिटे लागतात. रस्त्याने हाच फेरा ३० किलोमीटरहून मोठा पडतो. पोर्तुगीजांनी ज्या कारणासाठी ही जागा निवडली, तेच कारण पुन्हा कामाला आले : खाडीच्या तोंडावर जो उभा, त्याच्या हाती वाहतूक.

अडचणीही तितक्याच खऱ्या आहेत. पहिली निसर्गाची. वड-पिंपळाची मुळे सांध्यांत शिरतात, चुना सोडवतात, आणि प्रत्येक पावसाळ्यात एखादा दगड सुटतो. छपरे केव्हाच गेल्याने कमानी उघड्या पडल्या आहेत. दुसरी कायद्याची. १९५८चा स्मारक कायदा आणि त्यातली २०१०ची दुरुस्ती यांनुसार संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आहे आणि त्यापुढच्या २०० मीटरपर्यंत परवानगी लागते. स्मारकासाठी हे आवश्यकच आहे, पण पिढ्यान् पिढ्या तटालगत राहणाऱ्या कुटुंबाला घराची डागडुजी करायलाही कागद फिरवावे लागतात. तिसरी अडचण आपली स्वतःची : भिंतीवर नावे कोरणारे, दारूच्या बाटल्या टाकणारे आणि मोटारी थेट चर्चच्या अंगणात नेणारे पर्यटक.

परदेशांत यावर काही वाटा निघाल्या आहेत. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोची ‘प्रेसिडिओ’ ही १७७६पासूनची लष्करी छावणी १९९४मध्ये राष्ट्रीय उद्यानाकडे आली. तिथल्या जुन्या बराकी घरे नि कचेऱ्यांना भाड्याने देऊन येणाऱ्या पैशातून साऱ्या परिसराची देखभाल चालते. श्रीलंकेतला गॉलचा किल्ला पोर्तुगीज, डच आणि इंग्रज अशा तिघांच्या हातून गेला. तो १९८८पासून जागतिक वारसा आहे आणि आतली वस्ती अजून नांदती आहे. वसईत भाड्याने द्यायला छपराखालची इमारत उरली नाही, त्यामुळे प्रेसिडिओची नक्कल इथे चालणार नाही. गॉलचा धडा मात्र घेता येईल : माणसे बाहेर काढून किल्ला वाचत नाही, माणसांना राखणदार केले तर वाचतो.

वसईत हे करणे कठीण नाही. किल्लाबंदरच्या तरुणांना मार्गदर्शक म्हणून शिकवून नेमावे. रो-रोने येणाऱ्या प्रवाशाला धक्क्यावरच मराठीतला नकाशा मिळावा. बुरूज नि चर्च यांच्यापाशी नाव, साल आणि चार ओळींची माहिती देणारे फलक असावेत. गाड्या तटाबाहेर थांबाव्यात. वाळत घातलेल्या मासळीला अडगळ न मानता या जागेच्या जिवंत इतिहासाचा भाग मानावे. पाहुण्यांनी निदान एवढे पाळावे की नाव कोरायचे नाही, बुरुजावर चढून दगड हलवायचा नाही आणि कचरा आपल्याबरोबर परत न्यायचा. वसईचा किल्ला फौजांनी बांधला आणि फौजांनीच फोडला. गेली दोनशे वर्षे त्याला नांदता ठेवण्याचे श्रेय मात्र इथल्या साध्या माणसांच्या रोजच्या वहिवाटीचे आहे, आणि संवर्धनाची कोणतीही योजना त्यांना बरोबर घेऊनच आखली पाहिजे.