घटक ४ : मनाला रुचणारा व्यायाम

४.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणांस
• श्रम आणि व्यायाम यांतील फरक स्पष्ट करता येईल.
• व्यायामामुळे मन प्रसन्न का होते आणि उत्साह का वाढतो, हे सांगता येईल.
• स्वतःच्या दिनक्रमात बसणारा व आवडणारा व्यायाम निवडता येईल.

४.१ प्रास्ताविक

दूरशिक्षण घेणारा विद्यार्थी बहुधा दिवसभराची कामे आटोपून रात्री पुस्तक उघडतो. लातूर तालुक्यातील मुरुडसारख्या बाजारपेठेच्या गावाचे उदाहरण घेऊ. कोणी दिवसभर दुकानात गल्ल्यावर बसलेले असते, कोणी अंगणवाडीतून येऊन स्वयंपाकाला लागलेले असते, तर कोणी सोयाबीनच्या रानात खुरपून परतलेले असते. रात्री डोळे ओळींवरून फिरतात, पण अर्थ मनात उतरत नाही. अशा व्यक्तीला ‘व्यायाम करा’ असे सांगितले, तर तो सल्ला म्हणजे आणखी एक काम वाटते. तरीही पुष्कळजण संकल्प करतात. आठ-दहा दिवसांनी तो मोडतो आणि माणूस स्वतःला आळशी ठरवून मोकळा होतो.

या घटकाची भूमिका थोडी वेगळी आहे. संकल्प मोडतो तेव्हा दोष नेहमीच इच्छाशक्तीचा नसतो. अनेकदा तो निवडीचा असतो. ज्या व्यायामात आनंद नाही, तो फार काळ टिकत नाही. म्हणून आनंद ही व्यायामातील चैन नसून त्याच्या सातत्याची अट आहे.

४.२ श्रम आणि व्यायाम

‘आम्ही दिवसभर राबतो, मग वेगळा व्यायाम कशाला?’ हा प्रश्न रास्त आहे. परंतु कामातील श्रम आणि स्वेच्छेने केलेला व्यायाम यांचे परिणाम सारखे नसतात, असे अलीकडील संशोधनातून दिसून आले आहे. त्याची कारणे समजण्यासारखी आहेत. खुरपणी करणारी स्त्री तासन्‌तास वाकलेली असते. तेच स्नायू पुन्हापुन्हा ताणले जातात, विसावा हवा तेव्हा मिळत नाही आणि कामाची गती दुसरा कोणी ठरवतो. व्यायामात मात्र केव्हा सुरू करावे, किती करावे आणि कोठे थांबावे, हे आपण ठरवतो.

मराठीच्या विद्यार्थ्यांना जात्यावरच्या ओवीचे उदाहरण जवळचे वाटेल. दळण हे कष्टाचे काम होते. ओवीच्या लयीने ते सुसह्य केले, मनातले बोलायला वाट दिली. पण म्हणून दळण हा खेळ झाला नाही. गावात पिठाची गिरणी आल्यावर जाते मागे पडले. लय श्रम हलके करते. श्रमाला आनंदाचे रूप येण्यासाठी मात्र लयीबरोबर स्वेच्छाही लागते. म्हणून ज्याचे काम अंगमेहनतीचे आहे, त्याने आणखी मेहनत करण्याऐवजी अंग मोकळे करणाऱ्या हालचाली निवडाव्यात. ज्याचे काम बैठे आहे, त्याने चालण्या-खेळण्याकडे वळावे.

४.३ मन प्रसन्न का होते?

व्यायामाच्या वेळी हृदयाची गती व रक्ताभिसरण वाढते. शरीरात एंडॉर्फिन आणि एंडोकॅनाबिनॉइड या गटांतील द्रव्ये स्रवतात. त्यांचा वेदना व मनाची अवस्था यांच्याशी संबंध असतो. याखेरीज मन काही काळ काळजीतून बाहेर येते, झोप सुधारते आणि एखादी गोष्ट आपल्याला जमते याचे समाधान मिळते. थकवा जाणवणाऱ्या व बैठे जीवन जगणाऱ्या व्यक्तींना हलक्या व्यायामानेही उत्साह वाटू लागतो. म्हणून ‘थकलो आहे, आता हालचाल नको’ हा समज प्रत्येक वेळी खरा नसतो. बसून आलेला थकवा पुष्कळदा चालण्याने उतरतो.

येथे तीव्रतेचा मुद्दा महत्त्वाचा आहे. धाप लागून बोलणे कठीण होऊ लागले, की बहुतेकांचा आनंद कमी होतो. यासाठी एक सोपी कसोटी आहे : व्यायाम करताना बोलता यावे, पण गाता येऊ नये. ही मध्यम तीव्रता होय. तसेच शेवटची काही मिनिटे गती कमी करावी. ज्याचा शेवट सुखाचा, त्याची आठवण सुखाची राहते आणि दुसऱ्या दिवशी पाऊल सहज उचलते.

४.४ आपल्या परिसरातील आनंदाचे व्यायामप्रकार

आनंददायी व्यायामासाठी महागड्या साधनांची गरज नाही. लेझीम हे मूळचे तालमीतील व्यायामाचे साधन. हलगी-ढोलाच्या ठेक्यावर अनेकजण एकत्र आले आणि तेच साधन मिरवणुकीचे वैभव ठरले. ठेका मिळाला की मध्यम श्रम कमी जाणवतात. भजनात टाळ वाजवीत घातलेली पावली, पंचमीच्या सणातील फेर, फुगडी आणि झोका यांतही हेच तत्त्व आहे. फुगडीत दम लागतो, पण ‘मी व्यायाम करते आहे’ असे मनात येत नाही.

मैदानी खेळांचा वारसाही आपल्या जवळ आहे. लातूर जिल्ह्यातील रामलिंग मुदगडचे मल्ल हरिश्चंद्र बिराजदार यांनी १९७० च्या एडिंबरो येथील राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले. शेजारच्या धाराशिवच्या खो-खोपटू सारिका काळे यांना २०२० चा अर्जुन पुरस्कार मिळाला. परंतु शाळा सुटली की बहुतेकांचा खेळ सुटतो आणि आपण केवळ प्रेक्षक होतो. स्त्रियांच्या बाबतीत तर संसाराबरोबर खेळणे संपलेच, असे गृहीत धरले जाते. चाळिशीतल्या बाईने अंगणात फुगडी घातली तर लोक हसतील, ही भीती पुष्कळींच्या पायांत बेडीसारखी असते. ती एकटीने तोडणे अवघड असते. चार मैत्रिणी एकत्र आल्या की सोपे होते.

४.५ निवड कशी करावी?

पुढील प्रश्नांची उत्तरे वहीत लिहा.
(१) लहानपणी कोणत्या खेळात तुम्हांला वेळेचे भान राहत नसे?
(२) तुम्हांला सोबत आवडते की एकांत?
(३) दिवसातील कोणती वीस मिनिटे खरोखर तुमची आहेत?
(४) ही हालचाल उद्या पुन्हा करावीशी वाटेल का?

चौथ्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत महत्त्वाचे समजावे. एक प्रकार दोन आठवडे करून पाहा. रुचला नाही तर अपराधी न वाटता दुसरा घ्या. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम तीव्रतेचा व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम सुचवला आहे. रोज तीस मिनिटे, आठवड्यातून पाच दिवस, एवढ्यात १५० मिनिटे होतात. तेही जमत नसेल तर दहा मिनिटांपासून आरंभ करावा. काहीच न करण्यापेक्षा थोडे करणे हिताचे, हे त्याच सूचनांत सांगितले आहे. जोर व बैठका घरातल्या घरात करता येतात.

४.६ दक्षता

मराठवाड्यातील उन्हाळ्यात सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर व्यायाम करावा आणि पुरेसे पाणी प्यावे. हृदयविकार, मधुमेह, सांधेदुखी किंवा गर्भावस्था असल्यास आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. छातीत दुखल्यास वा चक्कर आल्यास तत्काळ थांबून वैद्यकीय मदत घ्यावी. दोन आठवड्यांहून अधिक काळ मन उदास असेल, तर केवळ व्यायामावर विसंबू नये. शासनाच्या टेली मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य समुपदेशन मिळते.

४.७ सारांश

श्रम आणि व्यायाम यांत स्वेच्छेचा फरक आहे. मध्यम तीव्रता, लय, सोबत आणि सुखद शेवट यांमुळे व्यायाम आनंददायी होतो. आनंदामुळे तो टिकतो आणि टिकल्यामुळेच त्याचे फळ मिळते. आज रात्री पुस्तक उघडण्यापूर्वी दहा मिनिटे चालून पाहा आणि त्यानंतर पहिले पान कसे वाचले जाते, याची नोंद ठेवा.

स्वाध्याय

१. कामातील श्रम व्यायामाची जागा का घेऊ शकत नाहीत, ते स्वतःच्या व्यवसायाच्या आधारे स्पष्ट करा.
२. आपल्या गावातील एखाद्या पारंपरिक खेळाचे वर्णन करून तो प्रौढांनी पुन्हा खेळावा यासाठी काय करता येईल, ते लिहा.