साद देणारा नर

एप्रिल-मेमध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅपलेशियन डोंगरांत रानटर्कीची शिकार होते, तीही सरकारी परवान्यावर. भिवापूरच्या एका वाचकाने त्यावर विचारले आहे की, ऐन विणीच्या हंगामात सरकार अशी परवानगी देतेच कसे?

उत्तर टर्कीच्या संसारात आहे. एक नर अनेक माद्यांशी जुगतो आणि बाजूला होतो. अंडी उबवायची मादीने, पिल्ले सांभाळायची तीही तिनेच. त्यामुळे जुगण्याचा काळ सरत आल्यावर काही नर टिपले गेले तरी पुढची पिढी फारशी घटत नाही, असा हा हिशेब. म्हणून वसंतात मुभा मुख्यतः नरापुरती. छातीवर लोंबणारा राठ पिसांचा झुपका ही त्याची खूण. या हिशेबावरही आता शंका घेतली जाते. नर फार लवकर टिपले तर जुगण्यातच खंड पडेल, असे काही पक्षिशास्त्रज्ञांना वाटते. टेनेसी राज्याने 2023 मध्ये हंगाम दोन आठवडे पुढे ढकलला.

शिकाऱ्याची युक्ती मोठी मजेशीर आहे. पहाटे झाडाला पाठ लावून तो बसतो आणि पाटीच्या छोट्या चकतीवर काडी घासून मादीचा आवाज काढतो. निसर्गात नर ओरडतो आणि मादी त्याच्याकडे जाते. शिकारी नेमके उलटे मागत असतो, म्हणून मुरलेला नर जागचा हलत नाही आणि शिकाऱ्याला तासन्‌तास ताटकळावे लागते.

हाच हिशेब भिवापूरच्या तितराला लावला तर तो पार कोलमडतो. उमरेड-कऱ्हांडला अभयारण्याच्या कडेची झुडपी राने, पडीक शेते, नाल्याकाठची बोरी-बाभळी ही तितराची जागा. तो जोडीने राहतो. नराच्या ‘क-तीतर, क-तीतर’ला मादी आपला सूर मिळवते आणि पिल्लांमागे दोघेही फिरतात. इथे वसंतात एक नर गेला की एक घर मोडले.

शिवाय तितर वेगळ्याच कारणाने फसतो. त्याची साद मादीला असते तशीच शेजारच्या नरालाही असते. धुऱ्यावरून भांडणाऱ्या शेतकऱ्यांइतकाच तो हद्दीच्या बाबतीत हळवा. आपल्या हद्दीत परका आवाज उठला की पायावरची आर रोखून तो धावतो. फासेपारध्यांनी हे पिढ्यान्‌पिढ्या ओळखले होते. पाळलेला नर पिंजऱ्यात घालून झुडपात ठेवायचा, भोवती बारीक खुंट्यांना बांधलेले फास मांडायचे आणि दूर जाऊन बसायचे. पाळीव तितर ओरडे, रानातला तावातावाने येई आणि फासात पाय अडके.

पक्षिशास्त्राला याचे रीतसर प्रयोग करायला विसावे शतक उजाडले. इंग्लंडमध्ये डेव्हिड लॅक यांनी रॉबिन पक्ष्याच्या हद्दीत पेंढा भरलेला रॉबिन ठेवला. मालक त्याच्यावर तुटून पडला. नुसता लाल पिसांचा झुबका ठेवला तरी काही पक्षी चवताळत. एका रॉबिनने तर पेंढ्याचा पक्षी काढून नेल्यावरही तो होता त्या रिकाम्या जागेवर हल्ला चढवला! लॅक यांचे 1943 चे पुस्तक अभिजात ठरले, आणि ते रास्तच आहे. आज दाट झाडीतले पक्षी मोजताना शास्त्रज्ञ ध्वनिमुद्रित साद वाजवून उत्तराची वाट बघतात. पारध्याचा पिंजरा यापेक्षा वेगळे काय करत होता?

मात्र पारध्याच्या वाट्याला पुस्तक आले नाही. इंग्रजांच्या गुन्हेगार जमाती कायद्याने पारध्यांवर शिक्का मारला. तो कायदा 1952 मध्ये गेला, शिक्का लोकांच्या मनात राहिला. पुढे वन्यजीव कायद्याने तितर पकडणे बेकायदा ठरले. पक्ष्यांच्या दृष्टीने ते हवेच होते. माझ्या मनात त्याबद्दल दुमत नाही. पण पकडण्यावर बंदी आली तसे त्यामागचे निरीक्षणही आपण टाकून दिले, याची चुटपूट लागते.

आता ती साद मोबाइलवर आली आहे. फोटोसाठी ती वाजवणारे वाढलेत. विणीच्या दिवसांत नर जोडीदारीण आणि पिल्ले सोडून धावत येतो, शत्रू सापडत नाही, तरी साद थांबत नाही. फास नसला तरी त्याची पहाट वाया जाते आणि उघड्यावर आल्यामुळे शिक्र्याच्या नजरेत भरण्याचा धोका वेगळाच.

वाशिम-अकोल्याकडे ‘संवेदना’ या संस्थेबरोबर फासेपारधी आपली गवताळ राने राखतात, तणमोर आणि तितरांवर लक्ष ठेवतात. भिवापूर-उमरेड पट्ट्यात तितरांची गणना करायची झाली, तर वनविभागाने पहिली नेमणूक पारध्यांची करावी आणि अहवालाच्या पहिल्या पानावर निरीक्षक म्हणून त्यांची नावे छापावीत.