बोटीतून उतरताना घाई नको

अलिबाग - मांडव्याचा धक्का नजरेच्या टप्प्यात आला, की लाँचमधील निम्मे प्रवासी उभे राहतात. बॅगा खांद्यावर चढतात, लाइफ जॅकेट काढली जातात आणि खलाशाने दोर बांधण्याआधीच दाराशी गर्दी होते. गेटवे ऑफ इंडिया ते मांडवा हा जेमतेम तासाभराचा प्रवास. मात्र त्यातील शेवटची पाच मिनिटे मुले, वृद्ध आणि सामान बरोबर असलेल्या कुटुंबाची परीक्षा पाहणारी असतात. काही कंपन्यांच्या तिकिटातच अलिबागपर्यंतच्या बसचा समावेश असल्याने बसमधील जागेसाठी ही घाई अधिकच वाढते.

बोट का कलते?
प्रवासी आसनांवर विखुरलेले असतात, तेव्हा बोटीचा तोल राखला जातो. सर्व जण एकाच वेळी उभे राहून एका बाजूला सरकले, की भार वर आणि कडेला जातो व बोट कलते. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट वादळी समुद्रात उलटली आणि सहाशेहून अधिक प्रवाशांना जलसमाधी मिळाली. लाटेच्या तडाख्यानंतर प्रवासी भीतीने एका बाजूला धावल्याने बोट अधिकच कलल्याचे सांगितले जाते. शांत पाण्यात धक्क्याला लागलेल्या बोटीला एवढा धोका नसतो. परंतु एखाद्याचा तोल जाण्यास थोडे कलणेही पुरेसे असते.

भरती-ओहोटीचे गणित
मुंबई बंदराच्या परिसरात अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला भरती व ओहोटीच्या पातळीत चार मीटरहून अधिक फरक पडतो. त्यामुळे ज्या धक्क्यावर सकाळी सहज पाऊल टाकता येते, तेथेच सहा तासांनी पायऱ्या चढाव्या लागू शकतात. खालच्या पायऱ्या ओल्या व शेवाळलेल्या असतात. रेवसला तर गाळामुळे ओहोटीच्या वेळी बोट लागणेच अवघड होते. भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. वृद्ध बरोबर असल्यास ती आधी पाहून बोटीची वेळ ठरवणे हिताचे.

आधी माणसे, मग सामान
उतरताना दोन्ही हात मोकळे हवेत. चाकांची जड बॅग एका हातात आणि मूल दुसऱ्या हातात, ही सर्वांत चुकीची पद्धत. कुटुंबातील एका प्रौढाने प्रथम उतरावे, मग खलाशाच्या मदतीने मुलांना उतरवावे आणि दुसऱ्या प्रौढाने शेवटी यावे. सामान त्यानंतर हातोहात द्यावे. वृद्धांनी गर्दी ओसरेपर्यंत बसून राहावे. बोट लाटेने वर येते तेव्हाच पाऊल टाकावे. ती खाली जात असताना नव्हे. जंजिऱ्याच्या पायऱ्यांवर शिडाच्या होडीतून उतरतानाही हाच नियम लागू पडतो. बोट आणि धक्का यांच्या फटीत हात-पाय घालू नये. तेथे अडकलेली वस्तू काढण्याचा मोहही टाळावा.

१८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' बोटीच्या दुर्घटनेनंतर लाइफ जॅकेटचा आग्रह वाढला. ते धक्का दिसताच नव्हे, तर बोट दोराने बांधली गेल्यावरच काढावे. १४ मार्च २०२० रोजी एक प्रवासी बोट मांडव्याजवळ येऊन बुडाली होती. पोलिसांच्या गस्ती नौकेमुळे तिच्यातील ८८ प्रवासी वाचले. किनारा जवळ आला म्हणजे धोका टळला, असे नव्हे.

रो-रोचा पर्याय
भाऊचा धक्का ते मांडवा ही रो-रो सेवा १५ मार्च २०२० रोजी सुरू झाली. पावसाळ्यात गेटवेच्या लाँच बंद असताना तिचा आधार असतो. सामान गाडीतच राहत असल्याने कुटुंबांना ती सोयीची पडते. मात्र घोषणा झाल्याशिवाय वाहनांच्या डेकवर जाऊ नये आणि कर्मचाऱ्याने इशारा केल्यावरच गाडी हलवावी. पायी उतरणाऱ्यांनी मुलांना वाहनांच्या वाटेपासून दूर ठेवावे.

बसमधील जागा हुकली, तर पुढची बस किंवा रिक्षा मिळू शकते. त्यासाठी ओल्या पायरीवर धावण्याची गरज नाही.